चवथ सरली, आता टोमॅटोचं बी घाला

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर बांधलेली फळाफुलांची चौकट, उतरली की परसातल्या वाफ्यांकडे लक्ष जातं. तांबडी भाजी, मुळा, वाल, दुधी यांचं गोव्यात फारसं काही अडत नाही. बी टाकलं, शेणखत घातलं, पाणी दिलं की भाजी येते. टोमॅटोचं तसं नाही. दरवर्षी कितीतरी घरांत रोपं जोमाने वाढतात, फुलं येतात, पहिली हिरवी फळं लिंबाएवढी होतात आणि मग एका दुपारी हिरवंगार झाड मान टाकतं. म्हणून वाण निवडण्याआधी वेळ आणि माती यांचं बघून घ्यावं.

बी घालायची वेळ सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. टोमॅटोच्या फुलाचं फळ व्हायला रात्र थोडी थंड लागते. 15 ते 20 अंश तापमानात फळधारणा चांगली होते. आपल्याकडे किनारपट्टीवर जानेवारीतही रात्र जेमतेम विशीपर्यंत उतरते आणि एप्रिलमध्ये पंचविशीच्या आसपास असते. म्हणजे फुलोरा डिसेंबर-जानेवारीतच यायला हवा. रोपं 25 ते 30 दिवसांची झाली की दिवाळीच्या मागेपुढे लावायची, म्हणजे हे गणित जुळतं. डिसेंबरअखेर रोप आणून लावणाऱ्याला मार्चमध्ये पिवळी फुलं भरपूर दिसतात, पण ती देठातून गळून पडतात. त्यावर टॉनिक फवारून उपयोग नसतो.

ऑक्टोबरातल्या संध्याकाळच्या गडगडाटी सरी मात्र लक्षात ठेवा. बी जमिनीवर न घालता ट्रेमध्ये किंवा उंच गादीवाफ्यावर घाला आणि वर प्लॅस्टिकचं छप्पर करा, नाहीतर रोपं बुडाशी बारीक होऊन एका रात्रीत कोलमडतात. ट्रेभोवती बारीक जाळी लावली तर पांढरी माशीही लांब राहते. ही माशी बोकड्या आणते. रोपवाटिकेतच तो लागला तर पानं वाटीसारखी मुरडतात, झाड खुजं राहतं आणि पुढे काही केलं तरी फळाला येत नाही.

आता मान टाकणाऱ्या झाडाबद्दल. हा जिवाणूजन्य मर रोग. उष्ण, दमट हवा आणि आंबट जांभी माती त्याला मानवते, आणि आपल्याकडे या दोन्ही गोष्टी भरपूर. वांगं, मिरची, बटाटा हे टोमॅटोचे भाऊबंद असल्याने त्यांच्यावरही तो येतो. वर्षानुवर्षं वांगी लावलेल्या परसात तो असणारच असं धरून चालावं. ओळखायची खूण सोपी आहे. सुकू लागलेल्या झाडाचं खोड जमिनीलगत कापा, बोटभर लांबीचा तुकडा घ्या आणि काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टोक बुडेल असा स्थिर धरून ठेवा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधट, धुरासारखी धार खाली उतरताना दिसते. तो जिवाणूंचा चीक. धार दिसली तर झाड मुळासकट उपटून जाळा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका, आणि त्या आळ्यातलं पाणी शेजारच्या आळ्यात जाऊ देऊ नका. दुकानातून आणलेलं बुरशीनाशक इथे चालत नाही, कारण रोग बुरशीचा नाही आणि पानावरचाही नाही. तो मुळातून आत शिरलेला असतो.

तेव्हा गोव्यात वाण निवडताना पहिला प्रश्न हाच: मर सोसतं का? रंग आणि चव त्यानंतर.

बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेची ‘अर्का’ नावाची वाणं इथे सगळ्यात जास्त उपयोगाची. परसासाठी मला त्यातलं अर्का रक्षक हे संकरित वाण पहिल्या क्रमांकाचं वाटतं. बोकड्या, मर आणि लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांना ते दाद देत नाही. फळ चौकोनी गोल, गर्द लाल, 90 ते 100 ग्रॅमचं, सालीला टणक. अर्का सम्राट त्याच्याच जोडीचं, फळ किंचित मोठं. दोन्हींच्या उत्पादनाचे मोठमोठे आकडे ऐकायला मिळतात, पण ते ठिबक, खतं आणि मोकळ्या उन्हाच्या शेतातले. माडांच्या सावलीतल्या परसात झाडामागे दोन-तीन किलो मिळाले तरी समाधान मानावं. चवीबाबत खरं सांगायचं तर रक्षकचं फळ भाजीला, साराला उत्तम. नुसतं मीठ लावून खायला थोडं कमी पडतं.

बी घरचं राखायचं असेल तर संकरित वाण घेऊ नका. त्याच संस्थेची अर्का आभा आणि अर्का आलोक ही सरळ वाणं, म्हणजे बियांतून तशीच येणारी, आहेत, दोन्हींची निवड तैवानच्या भाजीपाला संशोधन केंद्रातून आलेल्या साहित्यातून झाली आणि दोन्ही मर सोसण्यासाठीच काढली गेली. आभाचं फळ चपटं गोल, साधारण 75 ग्रॅमचं, कच्चं असताना देठाकडे फिकट हिरवं. आलोकचं लांबट आणि मोठं, 120 ग्रॅमपर्यंत. घरात चार माणसं असतील आणि रोज एक-दोन फळंच लागत असतील, तर आभा सोयीचं.

केरळचं हवामान आणि माती आपल्याला जवळची, तरी तिथली वाणं गोव्यात फारशी कुणी लावत नाही याचं नवल वाटतं. केरळ कृषी विद्यापीठाने शक्ती, मुक्ती आणि अनघा ही तिन्ही वाणं मर रोगाचा विचार करूनच दिली. अनघाचं फळ लहान, पण तडकत नाही. अवेळी पावसाची सर आली आणि पिकत आलेली फळं फुटली, असं ज्यांच्या परसात होतं त्यांनी हे करून बघावं. यातलं काही सरळ वाण मिळालं तर बी राखता येतं, हा वेगळा फायदा.

पूसा रुबी अनेकांच्या आवडीचं. फळ चपटं, कडेला हलक्या घड्या, चवीला चांगलं आंबट. चहाच्या हॉटेलातली पावाबरोबरची टोमॅटोभाजी ज्यांना घरी करायची असते त्यांना हाच आंबटपणा हवा असतो. झाड लवकर फळाला येतं, लागवडीपासून साधारण दोन महिन्यांत. पण मर आली तर ते टिकत नाही. म्हणून वांगी न लावलेल्या नव्या जागेत किंवा कुंडीतच लावा. सरदाचं, म्हणजे पावसाळी, भात कापल्यावर त्याच शेतात वायंगणी, म्हणजे हिवाळी, भाजी करणाऱ्यांनाही ते चालेल. चार महिने पाण्याखाली आणि चिखलात राहिलेल्या शेतात मरचा जोर कमी असतो. परसातल्या उंच, कोरड्या वाफ्याला ही सोय नाही.

आता इंटरनेटवरून मागवलेली रंगीबेरंगी पाकिटं. चेरोकी पर्पल, ब्रँडीवाइन, सॅन मार्झानो. चित्रं बघून कुणालाही मोह होतो. यातली पहिली दोन वाणं चवीला खरोखर श्रेष्ठ आहेत, पण फळ मोठं, उशिरा येणारं, झटकन तडकणारं आणि मरपुढे अगदी दुबळं. सॅन मार्झानोचं बूड काळं पडायची खोड आपल्या चुना कमी असलेल्या मातीत आणखी वाढते. हौस असेल तर कुंडीत एखादं झाड करा. वाफाभर लावून सगळा हंगाम त्यांच्यावर टाकू नका.

चेरी टोमॅटोचं मात्र उलट आहे. लहान फळाची झाडं उकाड्यातही फळ धरतात, मार्च-एप्रिलमध्ये मोठ्या टोमॅटोची फुलं गळत असताना यांचे घोस चालूच असतात. मोरीच्या पाण्यावर, उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवणारं बारीक फळाचं झाड बहुतेक परसांत असतं. ते तणासारखं उपटू नका, त्याला काठी द्या. त्याच जागी दोन-तीन वर्षं न मरता टिकत असेल, तर त्याचं बी राखण्याजोगं आहे. मुलं जाता-येता तोडून खातात, ही त्याची खरी परीक्षा.

मर सोसणारं वाण म्हणजे कधीच न मरणारं झाड, असं मात्र नव्हे. जमीन फार तापली, पाणी तुंबलं किंवा मुळांना जखम झाली की रक्षकही कोलमडतो. पेडण्यापासून साष्टीपर्यंतच्या किनारी वाळूसट जमिनीत सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी, मुळांवर गाठी करतात आणि त्या जखमांतून मर आत शिरते. उपटलेल्या झाडाच्या मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर पुढच्या वर्षी त्या वाफ्यात आधी झेंडू लावा. त्याची मुळं सूत्रकृमींना मानवत नाहीत. टोमॅटोच्या कडेला झेंडू असला तर फळ पोखरणारी अळीही अंडी घालायला त्याच्याकडे वळते. त्यासाठी झेंडूचं रोप टोमॅटोपेक्षा थोरलं हवं, टोमॅटो 25 दिवसांचा तर झेंडू 45 दिवसांचा, म्हणजे दोघं एकदम फुलतात.

आणखी एक उपाय गोव्यासारख्या ठिकाणी मुद्दाम करण्यासारखा आहे: वांग्याच्या मुळावर टोमॅटोचं कलम. मर सोसणाऱ्या वांग्याचं रोप खाली आणि तुमच्या आवडीचा टोमॅटो वर. तैवानच्या त्याच केंद्राने ई.जी. 203 नावाचं वांगं यासाठी सुचवलेलं आहे. ते तुंबलेलं पाणीही काही दिवस सोसतं. घरी करायचं तर वांग्याचं बी टोमॅटोच्या काही दिवस आधी घालावं लागतं, कारण ते सावकाश वाढतं, आणि दोन्ही खोडं सारख्या जाडीची झाल्यावर तिरकी कापून छोट्या क्लिपने जोडायची. नंतर आठवडाभर दमट सावली. हाताला सवय नसेल तर तयार कलमी रोप विकत घ्यावं. लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहू द्या. वरच्या टोमॅटोला मुळं फुटून ती मातीत गेली तर कलम करण्याचा उपयोगच राहत नाही.

मातीचं काम लागवडीच्या दोन आठवडे आधी उरका. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात मातीतला चुना धुऊन जातो. माती परीक्षणात आंबटपणा दिसला तर चौरस मीटरला साधारण 200 ग्रॅम शेतीचा चुना मिसळा. शेणखत त्याच दिवशी घालू नका, आठवडाभर थांबा. चुलीची राख असेल तर मूठभर चालते, पण ती चुन्याला पर्याय नाही. परीक्षणाची आणि रोपांची चौकशी जुने गोवे किंवा मडगाव इथल्या कृषी विज्ञान केंद्रात करता येते. तालुक्याचं विभागीय कृषी कार्यालयही आहेच. लावण्याआधी रोपांची मुळं स्यूडोमोनास या उपयोगी जिवाणूच्या भुकटीच्या द्रावणात, लिटरला 20 ग्रॅम, वीसेक मिनिटं बुडवून घ्या.

दोन रोपांत दीड फूट आणि ओळींत दोन फूट अंतर ठेवा. उन्हाची जागा निवडा, सहा तास तरी ऊन हवं. माडाची विरळ सावली दुपारी चालते, फणसाची दाट सावली अजिबात नाही. बुडाला भाताचा पेंढा किंवा नारळाची सोडणं पसरा, म्हणजे ओल टिकते आणि चिखल पानांवर उडत नाही. काठी लावणीच्या दिवशीच रोवा. नंतर रोवलेली काठी मुळं तोडते आणि मरला वाट करून देते. जमिनीला टेकणारी खालची पानं काढून टाका, करपा आधी तिथेच गोल गोल चट्टे घेऊन येतो.

पाणी सकाळी, बुडाशी आणि रोज सारखंच. चार दिवस कोरडं ठेवून पाचव्या दिवशी पाईप सोडला की फळं तडकतात आणि बुडं काळी पडतात. खाडीजवळच्या विहिरींचं पाणी मार्चनंतर मचूळ होतं. पानांच्या कडा जळल्यासारख्या दिसू लागल्या तर खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालू नका, आधी पाणी चाखून बघा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मरची भीती सगळ्यात कमी, कारण माती त्यांच्या हातात असते. पंधरा-वीस लिटरची कुंडी, एका कुंडीत एकच झाड, आणि जुन्या वांग्याच्या वाफ्यातली माती त्यात येणार नाही एवढं बघा. पूसा रुबी, चेरी, हौशीचं काळं-जांभळं फळ, सगळं इथे चालतं.

बी राखायचं तर सरळ वाणाच्या निरोगी झाडावरचं, दुसऱ्या-तिसऱ्या घोसातलं पूर्ण पिकलेलं फळ घ्या. गर पिळून वाटीत दोन दिवस आंबवा, वर येणारी साय काढून बी धुवा, सावलीत कागदावर सुकवा. पाकिटावर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा.

एप्रिलमध्ये झाडं थकली की मुळासकट काढा. वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक घट्ट ताणून कडा मातीने दाबा आणि मेअखेरपर्यंत तसाच ठेवा. उन्हाने तापलेल्या मातीत रोगाचे जिवाणू आणि सूत्रकृमी कमी होतात. पावसाळ्यात तिथे भेंडी किंवा दोडकी घ्या, आणि वांगी-मिरची निदान दोन-तीन वर्षं दुसऱ्या वाफ्यात.