बेळगावच्या पेठेत खात-खात फिरायचं कसं

खाण्याची फेरी बहुतेकांची पहिल्या अर्ध्या तासातच फसते. सकाळपासून उपाशी आलेला माणूस पहिल्याच गाड्यावर दोन प्लेटी हाणतो. मग चौथ्या ठिकाणी वाटाड्या कुंद्याचा, म्हणजे इथल्या आटवलेल्या दुधाच्या मिठाईचा, द्रोण पुढे करतो तेव्हा 'नको हो, आता पोटात जागा नाही' म्हणायची पाळी येते. बेळगावात असं झालं तर जास्तच हळहळ वाटते, कारण इथली खासियत नेमकी शेवटी येते. पैशाचं फार गणित नसतं, गणित पोटातल्या जागेचं असतं.

म्हणून पहिला नियम: फेरीच्या आधी उपाशी राहू नका, पण जेवूही नका. संध्याकाळी निघायचं असेल तर दुपारी बाराच्या सुमाराला वरण-भात किंवा दही-भात एवढंच घ्या. अगदी रिकाम्या पोटी मिरची भजी पडली की रात्रभर जळजळते.

वाटाड्या ठरवताना

इथे बरेचदा वाटाड्या म्हणजे पेठेतच वाढलेला, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारा माणूस. लॉजवर किंवा बेळगावातल्या ओळखीच्यांकडे चौकशी केली की मिळतो. फोनवर चार गोष्टी स्पष्ट करून घ्या. त्याची फी वेगळी की खाण्याच्या पैशासकट? किती ठिकाणी थांबणार? शाकाहारीच आहे की कॅम्पात मटण-बिर्याणीही आहे? आणि गटात किती माणसं? चार ते सहा उत्तम. आठाच्या वर गेलात की अरुंद गल्लीत रहदारी अडते, गाडेवाला वैतागतो आणि मागच्या दोघांना वाटाड्याचं बोलणं ऐकूच येत नाही.

गटात कुणाला शेंगदाणे चालत नसतील तर आदल्या दिवशीच सांगा. इथे शेंगदाणा कुठे असेल याचा नेम नाही: भडंगात दाणे, चटणीत दाण्याचं कूट, तळणीला शेंगतेल. ऐनवेळी गाड्यावर विचारलं तर 'नाही नाही, नाही घातलं' असं घाईत उत्तर मिळतं. उपवास, कांदा-लसूण, मधुमेह हेही आधीच सांगून टाका.

वाटाड्या पारखायची एक खूण आहे. पहिल्याच थांब्यावर मिठाईच्या दुकानात नेऊन 'इथून पाकिटं घ्या, पुढे मिळणार नाहीत' असं म्हणाला तर समजा, त्याचं लक्ष तुमच्या जिभेकडे नाही. चांगला वाटाड्या खरेदी शेवटी ठेवतो, कारण पिशव्या घेऊन कुणाला फिरवायचं नसतं.

कधी जाऊ नये

१ नोव्हेंबरला तर नकोच. एकीकडे कर्नाटकच्या राज्योत्सवाची, म्हणजे स्थापना दिनाची, मिरवणूक, दुसरीकडे बेळगाव महाराष्ट्रात यावं म्हणणाऱ्या मराठी माणसांचा काळा दिन. रस्ते बंद, पोलीस बंदोबस्त, आणि सीमेवर वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या एसटी थांबतात. कोल्हापूरहून येणाऱ्यांनी परतीची सोय आधीच बघून ठेवावी. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा लॉज मिळायची मारामार. गणेश विसर्जनाच्या दिवशी आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला गर्दी एवढी असते की खाणं बाजूला राहतं. तो सोहळा वेगळा बघावा, त्यात खाण्याची फेरी मिसळू नये.

जून ते सप्टेंबर पाऊस धो-धो. गल्लीत छत्र्या एकमेकींत अडकतात, तेव्हा रेनकोट बरा. मात्र गरम भज्यांना त्या दिवसांसारखी चव एरवी येत नाही, हे मान्य करायला हवं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सर्वांत सोयीचे. मे महिन्यात आलात तर खानापूरच्या जंगलातली करवंदं आणि जांभळं टोपलीत घेऊन बसलेल्या बायका शोधा. ती वाटाड्याच्या यादीत नसतात.

वाट कोणती

संध्याकाळच्या फेरीला मिरवणुकीचा जुना मार्गच धरावा. नरगुंदकर भावे चौकातून निघायचं, मारुती गल्लीतून हुतात्मा चौकात यायचं, मग रामदेव गल्ली, समादेवी गल्ली, अनसूरकर गल्ली, किर्लोस्कर रोड आणि शेवटी धर्मवीर संभाजी चौक. न थांबता चाललात तर अर्धा तासही लागत नाही. खात गेलात तर अडीच तास धरा. पाचला निघालात की साडेसातला मोकळे. सार्वजनिक गणेशोत्सवाचं वळणही याच बाजाराला लागलं: झेंडा चौकातला गणपती लोकमान्य टिळकांनी १९०५ साली बसवला असं सगळं शहर सांगतं.

गाडी पेठेत आणू नका. एकेरी रस्ते आणि सामान उतरवणारे टेम्पो यात अर्धा तास जातो आणि भूक मरते. रेल्वे स्थानकावरून किंवा मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षाने नरगुंदकर भावे चौक गाठा.

रिक्षावाल्याला 'खडे बाजार' एवढंच सांगू नका. बेळगावात एक खडे बाजार आहे आणि शहापुरात दुसरा. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, त्यामुळे त्याची बाजारपेठ वेगळी वाढली आणि नावंही दुहेरी झाली. चुकून शहापुरात उतरलात तर गट इकडे, तुम्ही तिकडे.

काय, किती आणि कोणत्या क्रमाने

क्रम एकच: आधी खमंग, मग तिखट, मग आंबट-गोड, शेवटी दुधाचं गोड. कुंदा आधी खाल्ला तर जीभ गोडाने लिंपून जाते आणि नंतरचं सगळं फिकं लागतं.

सुरुवात गिरमिटाने करा. धारवाडकडचा हा प्रकार इथे घरचाच झाला आहे. वरवर बघितलं तर भेळेचा भाऊ, पण काम वेगळं. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची तेलात परतून त्यात चिंच-गुळाचं पाणी घालून शिजवलेला मसाला तयार असतो. मागणी आली की तो चुरमुऱ्यांवर ओततात, वर पुटाणीचं, म्हणजे भाजक्या डाळ्याचं, पीठ भुरभुरतात, हाताने एकदाच वर-खाली करतात, आणि मग कच्चा कांदा, कोथिंबीर, शेव. ते पीठ ओलावा ओढून घेतं म्हणून चुरमुरा लगेच मऊ पडत नाही. पण 'लगेच' म्हणजे चार-पाच मिनिटंच. प्लेट हातात घेऊन फोटो काढत बसलात तर लगदा खाल. आणि ते पीठच विसरलं असेल तर पहिला घासच चिकट लागतो. तसं झालं तर बेधडक सांगा, 'पुटाणी घाला की जरा'. दोघांत एक प्लेट पुरते.

सोबत मिरची भजी, माणशी एकच. फिकट हिरवी लांब मिरची उभी चिरून बेसनात बुडवून तळलेली असते. तिचा तिखटपणा आतल्या पांढऱ्या शिरांत असतो आणि त्या देठाकडे दाट होतात. म्हणून शेपटाकडून खायला सुरुवात करा, देठाच्या बोटभर अलीकडे थांबा. पाणी पिऊन आग विझत नाही, उलट पसरते. शेजारच्या गिरमिटाचा घास घ्या, नाहीतर ताक. घेण्याआधी कढईकडे एक नजर टाका: तेल काळपट दिसत असेल, वर फेस साचून राहत असेल किंवा धूर डोळ्याला झोंबत असेल तर पुढच्या गाड्याकडे चला. वर्तमानपत्रात गुंडाळून देत असतील तर प्लेट मागा, तेलाबरोबर शाईही उतरते.

मग हवी तर मिसळ. पण गिरमिट झालं असेल तर चौघांत एकच घ्या, नाहीतर फेरी तिथेच संपेल. भेळ, शेवपुरी, पाणीपुरी यांच्यासाठी कुठल्याही शहरात जाता येतं. वाटाड्याने तीन थांबे चाटवरच घालवले तर त्याला हळूच आठवण करून द्या. पाणीपुरी खायचीच असेल तर ती गर्दीच्या गाड्यावर आणि बर्फाशिवाय. आपली पाण्याची बाटली माणशी एक लिटर घरूनच न्या.

दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये असल्या तरी पेठेत मराठीत बिनधास्त बोला. तरीही दोन-चार शब्द येत असले की गाडेवाल्याचा चेहरा खुलतो. 'एष्ट्री?' म्हणजे किती झाले, 'खारा कडिमी हाक्री' म्हणजे तिखट कमी घाला, 'साक्री' म्हणजे पुरे. तिसरा शब्द सर्वांत उपयोगी, कारण आग्रह दोन्ही भाषांत सारखाच. मोबाइलवरून पैसे बहुतेक ठिकाणी चालतात, तरी दहा-वीसच्या नोटा खिशात ठेवा. गल्लीत रेंज गेली की मागची रांग ओरडते.

गोडाचं

आता कुंदा. दूध आटवत आटवत त्याचा रवा पडू द्यायचा आणि साखर त्यात इतकी शिजवायची की रंग तपकिरी व्हावा, हे त्याचं मर्म. घरी करणारे दाणा पडावा म्हणून उकळत्या दुधात थोडं दही घालतात. चांगला कुंदा बोटाने दाबला की मऊ दाणे वेगळे जाणवतात, कडेला किंचित तूप सुटलेलं असतं आणि वास आटलेल्या दुधाचा येतो. पेढ्यासारखा गुळगुळीत लागला तर त्यात खवा जास्त. करपट वास आला तर कढईच्या बुडाचा. 'आजचाच आहे का?' हे विचारायला संकोच करू नका. चवीला चौघांत शंभर ग्रॅम पुरतो. न्यायचा असेल तर गरम डब्यात भरू देऊ नका. झाकणाला वाफ धरते, पाणी परत कुंद्यावर पडतं आणि दुसऱ्या दिवशी बुरशी येते. थंड झालेला, कोरड्या डब्यात. किती दिवस टिकेल ते दुकानदारालाच विचारा, आणि उन्हाळ्यात त्यातूनही एक दिवस वजा करा.

मांडे मिळाले तर फेरीचं सोनं. पण ते गाड्यावर मिळत नाहीत, ठरावीक मिठाईवाल्याकडे किंवा घरगुती करणाऱ्यांकडे आदल्या दिवशी सांगावं लागतं. वाटाड्याला हे काम आधीच द्या, नाहीतर मनातल्या मांड्यांवर भागवावं लागेल. पिठीसाखर, खसखस, वेलची आणि तुपाचं सारण भरलेली पोळी हातांवर झेलत झेलत कागदाएवढी पातळ करतात, उपड्या खापरावर भाजतात आणि गरम असतानाच घडी घालतात. गार झाली की घडी मोडते, वळत नाही. त्यामुळे मांडे पिशवीत घालू नका. सपाट डबा घ्या आणि एसटीत मांडीवर ठेवा. वरच्या फळीवर ठेवलेत तर निपाणीपर्यंत चुरा. चुरा झालाच तर फेकू नका, गरम दुधात घाला. बेळगावकर ते मुद्दाम करतात.

करदंट मात्र निश्चिंतपणे न्या. गूळ, डिंक आणि सुकामेव्याची ही वडी मूळ गोकाककडची. ती मोडतही नाही आणि लवकर खराबही होत नाही. गावी वाटायचं असेल तर हीच घ्या. कुंदा घरच्यांसाठी ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळ हाताशी असेल तर आणखी एक छोटी फेरी करा. साडेसातला शिरा-उप्पीट आणि कडक चहा, मग किल्ल्यातली कमल बस्ती. १२०४ सालचं हे जैन मंदिर आहे, आणि छतातलं दगडी कमळ मान वर करून बघताना पोट फार भरलेलं नसलेलं बरं. चहा मागताना 'साखर कमी' आधीच सांगा. आधण एकदा उकळलं की त्यातली साखर काढता येत नाही.