लेकराला पाठीवर घेऊन ट्रेकचा सराव

मैत्रिणींबरोबर चॅरिटी ट्रेकची, म्हणजे मदतनिधी गोळा करायच्या ट्रेकची, तयारी करताय आणि पोरांना घरी ठेवायची सोय नाही, तर कॅरियरमधे, म्हणजे बाळाला पाठीवर बसवायच्या सॅकमधे, घालून घेऊनच चला, फक्त बाळ आधाराशिवाय नीट बसायला लागलेलं हवं, म्हणजे साधारण ६ महिन्यांपुढचं. पुण्यात असाल तर आधी पर्वतीच्या पायऱ्या, सिंहगड नंतर. वजन कंबरपट्ट्यावर आलं पाहिजे, खांद्यांवर नाही. बाळ जिच्या पाठीवर तिच्याकडे दुसरी सॅक अजिबात नको, पाणी डायपर बाकीच्यांनी वाटून घ्यायचं, आणि उतरताना गुडघ्यांवर खूप ताण येतो म्हणून काठी हवीच. आणि हे खरंच महत्त्वाचं, आपल्याला चढताना घाम फुटतो पण बाळ हलत नाही त्यामुळे पहाटे त्याला गार लागतं, अर्ध्या अर्ध्या तासाने हातपाय चाचपून बघा, खाली उतरवून पाय मोकळे करू द्या.