बुडालेल्या एका जहाजातून गुलामांच्या व्यापाराचा इतिहास कसा अभ्यासावा

गुलामांच्या व्यापाराचा इतिहास वाचायला घेतला की पहिली अडचण आकड्यांची येते. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसांना अटलांटिक महासागरापार नेण्यासाठी जहाजांवर चढवले गेले आणि त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख माणसेच पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली. हे वाक्य वाचून होते, पटतेही, पण एवढ्या मोठ्या संख्येला हात कुठून घालायचा ते कळत नाही. अशा वेळी एकच जहाज निवडावे, आणि शक्यतो बुडालेले निवडावे. जे जहाज सुखरूप पोहोचले ते पुढे मोडीत निघाले आणि त्याचे फक्त कागद उरले. बुडालेल्या जहाजाचे मात्र पुष्कळदा कागदही असतात आणि समुद्रतळाशी लोखंड, तांबे, लाकूडही असते, त्यामुळे एकाची साक्ष दुसऱ्यावर घासून पाहता येते.

जहाज निवडताना त्याची ओळख पक्की झालेली आहे ना, त्याच्या फेरीविषयी समकालीन कागद आहेत ना आणि सापडलेल्या वस्तू एखाद्या संग्रहालयात अभ्यासासाठी ठेवलेल्या आहेत ना, एवढे आधी पाहावे. या कसोटीला उतरणारी जहाजे फार नाहीत. कागदांची आवड असणाऱ्याने नॉर्वेच्या आरेंडाल गावाजवळ १७६८ मध्ये फुटलेले आणि १९७४ मध्ये सापडलेले ‘फ्रेडेन्सबोर्ग’ हे डॅनिश-नॉर्वेजियन जहाज घ्यावे, कारण त्याच्या रोजनिश्या टिकून राहिल्या आहेत. वस्तूंतून शिकायचे असेल तर फ्लोरिडाजवळचे इंग्रज जहाज ‘हेन्रिएटा मेरी’ घ्यावे. पद्धत शिकण्यासाठी मात्र मला पोर्तुगीज जहाज ‘साव जुझे’ सर्वांत उपयोगी वाटते, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः त्याच्या आधाराने केले आहे.

प्रारंभ फेरीच्या आराखड्यापासून करावा. ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’ या विनामूल्य माहितीसंचात अशा ३६,००० हून अधिक फेऱ्यांची नोंद असून प्रत्येक फेरीला स्वतंत्र क्रमांक आहे. जहाजाचे नाव, कप्तान, मालक, निघण्याचे बंदर, माणसे कोठे चढवली आणि कोठे उतरवली, हे सारे तेथे एका दृष्टिक्षेपात मिळते. येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. तिथले काही आकडे प्रत्यक्ष कागदातले आहेत आणि काही तत्सम फेऱ्यांवरून हिशेबाने काढलेले आहेत. आपल्या जहाजाचा आकडा कोणत्या प्रकारचा आहे ते पाहिल्याशिवाय तो टिपणवहीत उतरवू नये.

‘साव जुझे’चा आराखडा असा दिसतो. ते एप्रिल १७९४ मध्ये लिस्बनहून निघाले, केप ऑफ गुड होपला वळसा घालून मोझांबिक बेटावर गेले आणि ३ डिसेंबरला तेथून ५१२ माणसांना तळात कोंबून ब्राझीलमधील मारान्यावकडे निघाले. २७ डिसेंबरला ते केप टाऊनजवळ, आज क्लिफ्टन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर खडकांत अडकून फुटले आणि २१२ गुलाम मरण पावले. हा मार्ग नकाशावर बोटाने फिरवून पाहावा. पूर्व आफ्रिकेतील माणसे अटलांटिकपार नेणाऱ्या आरंभीच्या फेऱ्यांपैकी ही एक होती, आणि हा व्यापार केवळ पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापुरता होता ही अनेकांची समजूत तेवढ्यानेच ढासळते. मोझांबिकच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात जो माल दिला जाई त्यात गुजरातेत विणलेल्या कापडाचा वाटा मोठा होता, ही गोष्टही आपल्या वाचकांनी नजरेआड करू नये.

यानंतर कागद वाचायचा आणि वाचण्यापूर्वी तो कोणी, कोणासाठी व कशासाठी लिहिला हे विचारायचे. ‘साव जुझे’चा मुख्य कागद म्हणजे कप्तानाने जहाज फुटल्यावर केपमध्ये दिलेली जबानी. त्या वेळी केपवर डच ईस्ट इंडिया कंपनीची सत्ता होती, त्यामुळे ती तिच्या दप्तरात जमा झाली आणि तेथेच २०११ च्या सुमारास संशोधकांच्या हाती लागली. जहाज गमावलेला कप्तान आपल्या जबानीत आपला दोष नव्हता हेच सांगणार, हे उघड आहे. वारा, प्रवाह, नांगर, वाचवण्याचे प्रयत्न हे सारे तो बारकाईने सांगतो. बुडालेल्या माणसांची नावे त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि त्याची गरजही त्याला वाटली नव्हती. त्याच्या लेखी ती माणसे म्हणजे मालाची नुकसानी होती. अशा कागदाचे टिपण करताना वहीच्या पानाचे दोन भाग करावेत, एकीकडे लिहिणाऱ्याने काय सांगितले ते आणि दुसरीकडे त्याने काय सांगायचे सोडले ते लिहावे. दुसरी बाजू भरायला वेळ लागतो, आणि अभ्यासाचा निम्मा भाग तोच असतो.

आता पाण्याखालच्या साक्षीकडे वळावे. क्लिफ्टनजवळचे हे अवशेष १९८० च्या दशकात खजिना शोधणाऱ्यांना सापडले होते, पण त्यांनी ते एखाद्या जुन्या डच जहाजाचे आहेत असे ठरवून टाकले. पुढे केप टाऊनच्या इझिको संग्रहालयांचे पुरातत्त्वज्ञ याको बोशॉफ यांनी जबानीतील वर्णनाच्या आधारे त्या जागेकडे पुन्हा पाहिले. तेथील तांब्याचे खिळे आणि लाकडी तळावर मढवलेला तांब्याचा पत्रा त्या जुन्या काळाशी जुळत नव्हता, कारण तळाला पत्रा मढवण्याची पद्धत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. मग लिस्बनच्या दप्तरात, जहाजाने निघताना लोखंडी नीरम भरले होते, अशी नोंद मिळाली आणि समुद्रतळाशी तेच लोखंडी ठोकळे सापडले.

या ठोकळ्यांपाशी थोडे थांबावे. जहाज डोलू नये म्हणून तळात जे वजन भरतात त्याला नीरम म्हणतात. धान्य किंवा धातू भरलेल्या जहाजाला त्याची फारशी गरज पडत नाही, कारण मालच वजनदार असतो. माणसे मात्र त्या मानाने हलकी असतात, ती हलतात आणि वाटेत मरतात, म्हणजे वजन कमी होत जाते. ते भरून काढण्यासाठी लोखंड लागे. गुलामवाहू जहाजाच्या अवशेषांत बेड्याच शोधायच्या असतात असे आपण गृहीत धरतो, पण येथे ओळख पटवण्यात लोखंडाच्या या साध्या ठोकळ्यांचा वाटा मोठा ठरला. बेड्याही होत्या, परंतु लोखंड गंजून खनिजाच्या गोळ्यात इतके मिसळले होते की त्या केवळ सीटी स्कॅनमध्ये दिसल्या. वस्तू पाहताना म्हणूनच ‘हे काय आहे’ यावर न थांबता ‘हे जहाजावर कशासाठी लागत होते’ असे विचारावे.

‘हेन्रिएटा मेरी’वर हा प्रश्न फार फलदायी ठरतो. जमैकात १९० माणसे विकून परतताना हे जहाज १७०० मध्ये फ्लोरिडाच्या की वेस्टच्या पश्चिमेला बुडाले. एका स्पॅनिश खजिन्याच्या शोधात असलेल्या पथकाला १९७२ मध्ये त्याचा पत्ता लागला, पण सोने नसल्याने खरे काम १९८३ पर्यंत रेंगाळले. त्याच वर्षी नाव आणि १६९९ हे साल कोरलेली घंटा वर आली. तेथे बेड्यांच्या ऐंशीहून अधिक जोड्या मिळाल्या आणि त्यांतील काहींचे माप इतके लहान आहे की त्या बायकांच्या किंवा मुलांच्या मनगटांसाठीच असू शकतात. स्वयंपाकाची तांब्याची दोन भांडीही सापडली. एक मोठे आणि एकसंध आहे, दुसरे लहान असून त्यात दोन कप्पे आहेत. मोठ्यात कैद्यांसाठी एकच पेज शिजे आणि लहानात खलाशांचे दोन पदार्थ होत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे.

एखाद्या जहाजाविषयी बातमी वाचली तर घाईने विश्वास ठेवू नये. अमेरिकेत गुलाम आणणारे अखेरचे ज्ञात जहाज ‘क्लोटिल्डा’ १८६० मध्ये अलाबामातील मोबील येथे ११० माणसांना घेऊन आले. माणसे आयात करण्यास १८०८ पासून बंदी असल्याने पुरावा नष्ट करण्यासाठी ते जाळले गेले. २०१८ च्या प्रारंभी ते सापडल्याची वार्ता पसरली, परंतु ते अवशेष बरेच मोठ्या जहाजाचे निघाले. खरे जहाज २०१९ मध्ये निश्चित झाले, तेही नोंदणीतील ८६ फूट लांबी व २३ फूट रुंदी, लाकडाचे प्रकार आणि जळाल्याच्या खुणा तपासून. या जहाजाचा आणखी एक विशेष म्हणजे त्यातून आलेल्यांनी मुक्तीनंतर वसवलेले आफ्रिकाटाऊन आजही आहे. जेथे वंशज आहेत तेथे कुटुंबांतून चालत आलेल्या आठवणी कागदांइतक्याच गांभीर्याने वाचाव्यात. जहाज सापडण्यापूर्वी दीडशेहून अधिक वर्षे ती हकीकत त्यांनीच जपली होती.

प्रत्यक्ष बुडी मारण्याचा विचार असेल तर स्थानिक पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ती मारू नये आणि तळावरचे काही उचलू नये. वस्तू शक्यतो जागीच जतन कराव्यात आणि त्यांचा व्यापार होऊ नये, असे युनेस्कोचा २००१ चा करारही सांगतो.

शेवटी ‘साव जुझे’वरून वाचलेल्या सुमारे तीनशे माणसांचा माग उरतो. त्यांना किनाऱ्यावर आणल्यावर केपमध्येच विकण्यात आले. केपच्या विक्रीखतांत आणि मृत्युपत्रांसोबतच्या मालमत्तेच्या याद्यांत गुलामांची नावे एखादे युरोपीय नाव आणि त्यापुढे ‘फान’ लावून मूळ स्थान अशा पद्धतीने लिहिली जात, त्यामुळे १७९४ नंतरच्या कागदांत ‘फान मोझांबिक’ शोधावे. त्यातले कोण या जहाजावरचे आणि कोण दुसऱ्या, हे प्रत्येक वेळी ठरवता येईलच असे नाही. सापडलेले नाव टिपताना ते विकत घेणाऱ्याने दिलेले आहे, एवढे त्याच ओळीत लिहून ठेवावे.