ऑक्झिलरी हायड्रॉलिक पंप ऑटोवर सुरूच होईना

अंबडच्या आमच्या कारखान्यातल्या गॅस टर्बाइनवर हा त्रास आला. स्टार्ट कमांड दिली की ल्यूब ऑइल पंप चालू व्हायचा, ऑक्झिलरी म्हणजे मदतीचा हायड्रॉलिक पंप मात्र ढिम्म. मॅन्युअलवर टाकला की लगेच फिरायचा. म्हणजे मोटर, ब्रेकर, ओव्हरलोड रिले सगळं ठीक. ऑटो-मॅन्युअल निवडायचा सिलेक्टर स्विचही ऑटोवरच होता. काही जण कंट्रोल कार्ड बदलायला निघाले होते. मला ते पटलं नाही.

मुख्य हायड्रॉलिक पंप टर्बाइनच्या गिअरबॉक्सवर चालतो, त्यामुळे मशीन उभं असताना लाइनमध्ये प्रेशर नसतंच. तेव्हा प्रेशर स्विचने ‘लो’ दाखवायचं आणि त्यावरून ऑक्झिलरी पंप सुरू व्हायचा. आमच्या स्क्रीनवर मात्र उभ्या मशीनला प्रेशर ‘नॉर्मल’! इथेच खरी गोम होती.

ऑपरेटर दादांना सांगून पंप लॉकआउट केला (चुकून सुरू होणार नाही असा बंद केला), स्विचकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाचा रूट व्हॉल्व्ह बंद केला आणि स्विचचा नट हळूहळू सैल केला. अडकलेलं तेल फसकन बाहेर आलं नि स्विच ‘लो’वर आल्याचा ‘टक्’ आवाज झाला. इम्पल्स ट्यूब, म्हणजे लाइनचं प्रेशर स्विचपर्यंत नेणारी ती बारीक नळी, गाळाने चोंदली होती, म्हणून जुनं प्रेशर स्विचपाशीच अडकून राहिलं होतं. ट्यूब साफ केली, हँडपंप लावून स्विचची सेटिंग तपासली. पुढच्या स्टार्टला पंप आपोआप उचलला. आता तेलाचा नमुना तपासायला दिलाय, फिल्टरही उघडून बघणार आहोत.