जुनी कंबरदुखी तपासताना या चुका टाळा

ठाण्यात कुणाला ‘कंबर दुखते’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘एमआरआय काढला का?’ बहुतेकांनी काढलेला असतो. रिपोर्टात ‘डिस्क बल्ज’ (मणक्यांमधल्या गादीला फुगवटा) लिहिलेलं असतं आणि घरात तोच शेवटचा शब्द ठरतो. ‘गादी सरकलीये, आता जपून.’ पहिली चूक इथेच होते.

ज्यांना कंबरदुखी नाहीच, अशा 3,110 लोकांच्या स्कॅनचा एकत्रित आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे 30 टक्के आणि पन्नाशीतल्या 60 टक्के लोकांच्या गादीत फुगवटा होता. पन्नाशीतल्या 80 टक्के लोकांत गादीची झीज होती. दुखत मात्र कुणालाच नव्हतं. म्हणजे त्याच रिपोर्टावर एक जण तुर्भ्याच्या मार्केटात पोती उचलत असेल आणि दुसऱ्याला ठाणे ते वाशी लोकलमध्ये उभं राहवत नसेल. रिपोर्ट खोटा नसतो, पण दुसऱ्या माणसाचं एवढं का दुखतं हे तो सांगू शकत नाही.

तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेल्या दुखण्यात काही जणांची मज्जासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते. मीटर ‘पळणाऱ्या’ रिक्षासारखं समजा: अंतर तेवढंच, आकडा मात्र भलताच. आणि पैसे खरेच जातात. म्हणून ‘सगळं मनाचे खेळ’ हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. दुखणं खरंच असतं. वेदना अभ्यासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2017 मध्ये अशा दुखण्याला ‘नोसिप्लास्टिक’ हा स्वतंत्र गट दिला.

हे ओळखणारी रक्ततपासणी नाही, स्कॅनही नाही. सगळी मदार असते ती तुम्ही काय सांगता आणि तपासणारा काय विचारतो यावर. त्यामुळे फाइल पुढे सरकवून गप्प बसणं ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक. दुखणं कमरेपुरतंच आहे की पाठ, मान, मांड्या असं पसरत चाललंय? परकराची नाडी किंवा पँटचा पट्टा नुसता टेकला तरी खुपतो का? एसीचा गारवा लागला की ठणका वाढतो का? झोप लागते का, आणि झोपूनही थकवा जातो का? आवाज, उजेड, अगरबत्तीचा वास सहन होत नाही, लक्ष लागत नाही, अर्धशिशी आहे, पोट सारखं बिघडतं: कंबरेसाठी आलेला माणूस यातलं काहीच सांगत नाही. त्याला वाटतं, याचा काय संबंध? संबंध असतो.

तपासणीतही हात फक्त कमरेवर राहून चालत नाही. चांगला तपासणारा अंगठ्याचा तेवढाच दाब हातावर किंवा नडगीवरही देऊन पाहतो. तिथेही नेहमीच्या दाबाने कळ आली तर दोष एकट्या गादीचा नाही, असा संशय घ्यायला जागा आहे. कापसाचा स्पर्श खुपतो का, एकाच जागी हलकं टोचत राहिलं तर दुखणं चढत जातं का, आणि हात काढल्यावर ते किती वेळ रेंगाळतं, हेही बघतात. आदल्या दिवशी घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून बाइक नेली असेल, किंवा सकाळीच पेनकिलर घेतली असेल, तर ते सांगा. चालू गोळ्या तपासणीसाठी मनाने बंद करू नका.

मज्जासंस्थेची संवेदनशीलता मोजणारी प्रश्नावली मोबाइलवर भरून स्वतःच निदान करणं ही नवी फॅशन. 25 प्रश्न, 100 पैकी गुण, 40 च्या वर गेले की ‘माझी नर्व्हस सिस्टिम सेन्सिटिव्ह आहे’. ही प्रश्नावली उपयोगी आहे, पण चिंता आणि नैराश्यातही तिचे गुण वाढतात. आईच्या वतीने मुलाने भरली तर ती बादच धरा.

उलट बाजूची चूक मात्र जास्त धोक्याची: सगळंच ‘सेन्सिटिव्ह’ म्हणून सोडून देणं. संध्याकाळचा ताप, उतरणारं वजन, रात्री न थांबणारं दुखणं असेल तर मणक्याचा टीबी तपासायलाच हवा. आपल्याकडे तो दुर्मिळ नाही. पूर्वी कॅन्सर झाला असेल, किंवा वयस्कर माणूस पडल्यावर दुखणं सुरू झालं असेल, तर तेही आधी सांगा. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली कंबरदुखी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरपणा, पहाटे जाग, आणि हालचालीने बरं पण आरामाने वाईट असं चित्र असेल तर संधिवाततज्ज्ञाला दाखवा. कळ गुडघ्याखाली उतरते, मुंग्या येतात, तेव्हा दबलेली नस शोधावी लागते. दबलेली नस आणि वाढलेली संवेदनशीलता एकाच माणसात असू शकते. लघवी अडली, शौचावरचा ताबा गेला, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद झपाट्याने कमी होऊ लागली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या हॉस्पिटलची कॅज्युअल्टी गाठायची.

कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) यांबद्दल थोडक्यात: जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 च्या मार्गदर्शिकेत जुन्या कंबरदुखीसाठी दोन्ही नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलंय. व्यायाम आणि दुखणं समजावून सांगणं यांना तिथे जागा आहे.

व्यायाम सुरू केला आणि दुखणं वाढलं, म्हणून सोडून देणारे खूप. तलावपाळीला एक फेरी मारली आणि दुसरा दिवस आडवं पडून काढावा लागला, तर आठवडाभर अर्धीच फेरी मारा, मग थोडी वाढवा. चालल्यावर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळपदावर आलं तर प्रमाण बरोबर आहे. ही नोंद दोन आठवडे वहीत ठेवा: किती चाललात, किती झोपलात, दुसऱ्या दिवशी कसं होतं. पुढच्या अपॉइंटमेंटला एमआरआयच्या पाकिटाआधी ती वही टेबलावर ठेवा.