थंडीने सुस्तावलेल्या पाळीव कासवाला पुन्हा जागे कसे करावे

नागपूरच्या घरांत पाळले जाणारे कासव बहुधा लाल कानाचे, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर असते. मूळ अमेरिकेतले हे पाणकासव डिसेंबरात खाणे सोडते, टबाच्या तळाशी पडून राहते आणि संक्रांत उलटली की त्याला उठवायचे कसे, असा प्रश्न घरच्यांना पडतो. (पाठीवर चांदण्या असलेले तारांकित कासव किंवा तळ्यातले देशी कासव घरात असेल, तर प्रश्नच वेगळा आहे, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते पाळता येत नाही. अशा वेळी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. सेमिनरी हिल्सवर जखमी वन्यप्राण्यांसाठी ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरही आहे.)

खऱ्या शीतनिद्रेला सलग थंडी लागते. युरोपात भूमध्य समुद्राकाठची जमिनीवरची कासवे साधारण ५ अंश सेल्सिअसला निजवतात, तेव्हा शरीराचे काम जवळजवळ थांबते आणि साठवलेली चरबी जपून वापरली जाते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता हे खरे, पण एरवी रात्री १०-१२ अंश आणि दुपारी २८ अशी ओढाताण चालते. कासव दुपारी अर्धवट जागे होते, शक्ती खर्च करते. मात्र पचनाला लागणारी ऊब टिकत नसल्याने खाऊ शकत नाही. म्हणून आपल्या कासवाची ही झोप विश्रांती नसून उपास आहे असे धरून चालावे, आणि शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाईल तोवर वाट पाहू नये.

प्रथम टब गच्चीवरून किंवा बाल्कनीतून घरात, वारा न लागणाऱ्या खोलीत आणावा. पाणी कासवाच्या पाठीइतकेच उथळ ठेवावे, कारण अशक्त कासवाला मान वर काढणे जमले नाही तर ते बुडू शकते. गिझरचे पाणी ओतून त्याला तासाभरात टवटवीत करण्याचा मोह टाळावा. माशांच्या दुकानात मिळणारा थर्मामीटर आणि जाळीचे आवरण असलेला हीटर लावून पाण्याचे तापमान रोज दोन-तीन अंशांनी वाढवत २५-२६ अंशांपर्यंत न्यावे; पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचे बटण बंद करावे. नळाचे पाणी क्लोरीन उडून जावे म्हणून एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे.

गार पडलेले, हालचाल न करणारे कासव मेले असे समजून पुरण्याची घाई करू नये. उबेत ठेवल्यावर पुढच्या दिवशी पाय ओढला असता त्याने तो आखडून घेतला, तर ते जिवंत आहे. त्याच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवावे. थंडीपूर्वीच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक घट असेल तर काळजीचे कारण आहे. डोळे सुजलेले किंवा चिकटलेले, नाकातून बुडबुडे, तोंड उघडून श्वास, पाण्यात एका बाजूला कलून तरंगणे, मऊ झालेले कवच यांपैकी काही दिसल्यास घरगुती उपाय न करता सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सकाळी ऊन कोवळे असताना अर्धा तास बाहेर ठेवावे, बसायला कोरडी वीट आणि सरकायला सावली द्यावी. काचेच्या खिडकीतून आलेले ऊन पुरत नाही, कारण कवचासाठी लागणारे ड-३ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण काच अडवते.

खाणे सर्वांत शेवटी. पाणी दोन दिवस सलग उबदार राहिल्यावरच कासवासाठीचे दाणे किंवा गांडुळाचा लहान तुकडा पाण्यातच टाकावा, कारण ही जात पाण्याबाहेर सहसा गिळत नाही. आधी पोट भरल्यास न पचलेले अन्न आत सडते. पोळी, कणकेचे गोळे आणि दूध देऊ नये. उबेतल्या पाण्यात आठवडा उलटूनही ते खात नसेल, तर पशुवैद्याला दाखवावेच. प्रत्येक वेळी हात साबणाने धुवावेत. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, लहान मुलांच्या घरात हे विशेष पाळावे.

कंटाळून ते फुटाळा किंवा अंबाझरी तलावात सोडून देण्याचा विचारही करू नये, कारण हे परदेशी कासव देशी कासवांचे अन्न आणि जागा बळकावते.

होळीच्या सुमारास हीटर काढावा आणि टब सावलीत हलवावा. त्यानंतर उथळ पाणी उन्हात तापण्याचा धोका थंडीपेक्षा मोठा असतो.