कोरड्या त्वचेसाठी कोकम तेलाचे मलम

नाशिकच्या थंडीत दर डिसेंबरला माझ्या नडग्यांवर पांढरे पापुद्रे सुटत आणि टाचांना भेगा पडत. म्हणून मी खोबरेल तेलात कोरफडीचा गर व गुलाबपाणी घोटून मलम केले. परंतु आठवड्याभरातच पाणी वेगळे झाले आणि वर बुरशी धरली. चूक पाण्याची होती. तेल आणि पाणी आपोआप एकजीव राहत नाहीत, आणि परिरक्षक नसलेल्या ओल्या मिश्रणात जंतू झपाट्याने वाढतात.

दुसऱ्या वेळी पाणी पूर्णपणे वगळले. कोकणात कोकमाच्या बियांपासून काढलेल्या तेलाचे घट्ट गोळे मिळतात आणि ते भेगांवर लावण्याची तिथे जुनी रीत आहे. हे तेल सुमारे ४० अंश सेल्सिअसला वितळत असल्याने थंडीत नुसते चोळणे कठीण जाते, म्हणून ३० ग्रॅम कोकम तेलात ६० ग्रॅम तिळाचे तेल घालून, वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून मी ते वितळवले. पहिला घाणा आपोआप निवू दिल्याने रवाळ झाला. पुढच्या वेळी वाटी थंड पाण्यात धरून सतत ढवळली, तेव्हा मलम लोण्यासारखे मऊ उतरले.

हे मलम त्वचेला ओलावा देत नाही, असलेला ओलावा अडवते. त्यामुळे आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावावे लागते. हे कळल्यापासून पापुद्रे चार-पाच दिवसांत गेले, टाचांना मात्र तीन आठवडे लागले.